खाजामियाँचा सोड्याचा सिलिंडर

मी खाजामियाँच्या सोडा दुकानातला गॅसचा सिलिंडर बोलतोय. उगाच भंगारासारखं बघू नका माझ्याकडं. कंधारच्या बसस्टँडवर उतरलेला माणूस आधी माझ्या गॅसचा सोडा प्यायचा, मग घरची वाट धरायचा. चाळीस वर्षं मी लोकांना ढेकर दिलेत!

पुढं प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या, गोटी सोड्याला कुणी विचारेना. दुकानाचं शटर पडलं आणि मला खाटेखाली ढकललं. वर जुन्या चपलांचा ढीग! लई अपमान झाला, खोटं कशाला बोलू.

मला बाहेर काढलं कहकशांनं, खाजामियाँच्या लेकीनं. तिला त्याच दुकानात शोभेचे मासे विकायचे होते. पण एक मोबाइलवाला जागा भाड्यानं मागत होता. खाजामियाँ म्हणाले, "सहा महिने देतो, बेटा. न्हाई जमलं तर चावी त्याला."

नुसते मासे कुणीही विकतं. हिला काचेच्या मोठ्या टाकीत, पाण्याखाली बाग पाहिजे होती. पण पाला पिवळा पडला, काचेवर शेवाळ चढलं. दिवा बारा तास चालू, खत दुप्पट, आणि पाल्याला लागणारा गॅस, म्हणजे माझाच सोड्याचा कार्बन डायऑक्साइड, मात्र नाही. मग शेवाळाचीच चैन होणार ना! कहकशांच्या ते ध्यानात आलं. तिनं दिवा सात तासांवर आणला, खत आठवड्याला एक टोपण. गॅससाठी मला नांदेडला नेऊन तपासून, भरून आणलं. बारीक नळी जोडली आणि सेकंदाला एकच बुडबुडा सोडला. एक! मी काय दवाखान्यातलं सलाईन आहे का?

खाजामियाँनाही ते पटेना. एका दुपारी लेक रोपं आणायला नांदेडला गेली आणि त्यांनी जुन्या सवयीनं माझी चावी पिळली.

"एवढ्याशा गॅसनं काय होतंय? सोडा कसा तिखट पाहिजे!"

मीही जोशात सुटलो. टाकीत फेसच फेस! खरं सांगतो, मला मजा आली.

तासाभरात मासे वर येऊन तोंडं वासून धापा टाकायला लागले. खाजामियाँ टाकीकडं धावले. त्यांनी पाण्यात बोट बुडवून चाखलं.

"तौबा! सोडा झाला की ह्याचा!"

त्यांनी आधी मला बंद केलं. सोड्यातला गॅस कसा उडतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? उंचावरून ओतला की उडतो. मग लोटा घेऊन ते टाकीतलं पाणी टाकीतच उंचावरून ओतत राहिले. कहकशां परतली तेव्हा त्यांची बाही खांद्यापर्यंत भिजली होती. तीन मासे गेले होते, बाकीचे पुन्हा खाली पोहत होते.

"अब्बा, हे मासे हायत, तुमची गिऱ्हाइकं न्हाईत," ती रडत म्हणाली.

"चुकलं माझं, बेटा."

चाळीस वर्षांत हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. मलाही लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी कहकशांनं माझी चावी त्यांच्याच हातात दिली. म्हणाली, "आता तुम्हीच सांभाळा, अब्बा. पण मोजून." तेव्हापासून दिवा लावायच्या तासभर आधी ते मला उघडतात, विझवायच्या तासभर आधी बंद करतात. नजर घड्याळावर, बोट चावीवर. मीही सेकंदाला एकच बुडबुडा सोडतो, अगदी शहाण्यासारखा.

सहा महिने भरले, तसा मोबाइलवाला दारात आला. खाजामियाँनी त्याला टाकीजवळ नेलं. आत हिरवागार पाला होता आणि पानापानावर बारीक बुडबुडे बसले होते.

"बघा, पानंच सोडा बनवून राहिलीत!"

"ते ठीक हाय, चाचा. पण जागेचं काय?"

"जागा रिकामी कुठं हाय?" खाजामियाँ म्हणाले. "आमचं दुकान चालू हाय."

कहकशां काच पुसता पुसता थांबली. 'लेकीचं' नाही, 'आमचं' म्हणाले ते!

आता माझा काटा खाली आलाय, उद्या नांदेडला भरायला जायचंय. जातो आणि येतो. तोवर दिवा कमी वेळ लाव गं कहकशां, शेवाळ टपूनच बसलंय. आणि माझ्या जागेवर कुणी चपला ठेवू नका.