गुळगुळीत झालेलं बटण

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मुठीत मावेन एवढाच. माझ्या सगळ्या बटणांवरची अक्षरं शाबूत आहेत. फक्त 'थांबा'चं बटण पार गुळगुळीत झालं आहे. ती करणी माझ्या बाईच्या अंगठ्याची.

दुकानातून निघालो तो थेट तिच्या पर्समध्ये. बाई वार्ताहर, पायाला भिंगरी. समोरचा माणूस बोलता बोलता गप्प झाला, की तिचा अंगठा चटकन माझ्यावर. टेप वाया घालवायची नाही! तेव्हा माझंही कौतुक व्हायचं. "हिचा डबा कधी दगा देत नाही," म्हणायचे सगळे.

चाळिशी उलटल्यावर बाईने नोकरी सोडली आणि विद्यापीठात संशोधन सुरू केलं. विषय, 'न छापलेल्या बातम्या'. ऑफिसात चेष्टेला ऊत आला. "म्हणजे आता आम्हालाच बेडकासारखं फाडणार का गं?"

विद्यापीठात बाईचा पाय सारखा हलायचा आणि टेबलावर मी थरथरायचो. मार्गदर्शक मॅडमनी तिच्या मुलाखती ऐकल्या आणि चष्मा काढला.

"यात कुणी विचारच करत नाही का हो? प्रश्न संपला की उत्तर तयार! माणसं गप्प कुठे झाली, तेच तर ऐकायचं होतं मला. आणखी एक मुलाखत आणा. तीही अशीच निघाली, तर तुम्ही आपल्या बातम्याच केलेल्या बऱ्या."

ती मुलाखत कात्रीकाकांची. बाईच्याच जुन्या वर्तमानपत्रातले निवृत्त उपसंपादक. बातम्या कापण्यात हयात गेली, म्हणून हे नाव.

"काका, कुठली बातमी कापल्याचं अजून सलतं?"

काका हसले. मग गप्प झाले. अंगठा सवयीने माझ्यावर टेकला. मी धास्तावलो. पंखा कुरकुरत होता. बाईने तो हात, दंगेखोर पोराला दामटून बसवावं तसा, मांडीखाली दाबून धरला. टेप फिरत राहिली.

"तुझीच गं, पोरी," काका शेवटी म्हणाले. "तुझी पहिली. मालकांच्या मेहुण्याचं नाव होतं तिच्यात. तुला सांगितलं, जागा नव्हती."

आता गप्प व्हायची पाळी बाईची.

"बंद कर हवं तर तो डबा."

"नको काका. चालू दे."

मॅडमनी ती टेप चष्मा न काढता ऐकली. "पहिली शांतता काकांची. ही दुसरी कुणाची?"

"माझी."

"मग प्रबंध तिथूनच सुरू करा."

हल्ली मुलाखती फोनमध्येच रेकॉर्ड होतात. मी कपाटात धूळ खातो. मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना अधूनमधून पुसा, फिरवून बघा. आणि समोरचं माणूस गप्प झालं, तर जरा दम धरा. बाईचा पाय अजून हलतोच. पण अंगठा आता मांडीखाली असतो.