पॉइंटमधला कागद

सकाळपासून आमच्या ह्यांनी पिकअपचं बॉनेट उघडून मला त्यापुढे उभं केलं होतं. पळून जायची सोय नव्हती. त्यांचे डोळे हल्ली मीच.

"मी सेल मारतो, तू प्लगकडे बघ." इंजिन गरगरलं, पेटलं नाही. "दिसली ठिणगी?"

"नाही." एवढं तरी खरं बोलले.

ठिणगी कुठून पडणार? ज्या दोन टिकल्यांच्या उघडझापीवर ती पडते, त्या पॉइंटांमध्ये काल हे आंघोळीला गेले असताना मीच खोक्याचा कागद कापून सरकवला होता. चाळीस वर्षं गॅरेजात ह्यांच्या हातात पाने दिलेत, एवढं मलाही जमतं.

गेल्या आठवड्यात शाळेतून येणारी एक पोर ह्या गाडीखाली येता येता वाचली. हे म्हणाले, "पोतं पडलं होतं रस्त्यात." डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हटलं, तर म्हणे डॉक्टरला गाडीतलं काय कळतं! ज्याने गावभरच्या गाड्या चालत्या केल्या, त्याला तोंडावर 'तुम्हाला दिसत नाही' म्हणायला माझी जीभ रेटेना. म्हणून ही चोरी.

"कॉइलच्या वायरला टेस्टचा दिवा लाव. पेटला?"

दिवा लख्ख पेटला होता. "नाही," मी ठोकून दिलं. "जाऊ द्या आता, कॉइलच गेली असेल."

ते खाली उतरले. चाचपत ती वायर सोडवली आणि बॉडीला टेकवली. चट्!

"करंट तर आहे की गं," ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. त्यांच्या बोटांना कधी चष्मा लागला नव्हता. ती पॉइंटांशी थांबली, कागद ओढून निघाला. त्यांनी तो चिमटीत चोळला, नाकाशी नेला. खोकं त्यांच्याच डोळ्यांच्या थेंबांचं होतं, दिवसातून तीनदा त्यांच्या हातात असायचं.

"अहो, ऐका..."

त्यांनी हातानेच गप्प केलं. आणि कागद परत पॉइंटांमध्ये घातला, माझ्यापेक्षा नीट. झाकण बसवून दोन्ही क्लिपा दाबल्या.

"कॉइलच गेली," ते म्हणाले. "जुन्या गाडीची आता मिळायची नाही."

मला रडू आलं. त्यांना दिसू नये म्हणून तोंड फिरवलं, आणि मग आठवलं, त्यांना कुठे दिसतंय. त्याचंच जास्त रडू आलं.

ते फडक्याने हात पुसत राहिले, हात स्वच्छ झाले तरी.

"अगं, ती पोर... लागलं नव्हतं ना तिला?"