बेलखडी स्टेशनची पहार

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे आणि माझ्या एका घावानं माणूस मेलेला आहे. हे आधीच सांगून टाकते. गोड बोलून तुम्हाला जवळ बसवायचं आणि मग पोटातलं बाहेर काढायचं, असलं मला जमत नाही. ऐकायचं असेल तर बसा, नाहीतर वाट मोकळी आहे.

माझा जन्म मिरजेचा. रेल्वेच्या भट्टीत दोन लोहारांनी मला लालभडक तापवून घणाखाली घेतलं. किती मारलं म्हणता! माझं एक टोक अणकुचीदार केलं आणि दुसरं चपटं करून मधोमध चिरलं. त्या चिरेत रुळाच्या खिळ्याचं डोकं धरायचं आणि दाब देऊन खिळा उपटायचा, हे माझं काम. मार खाऊनच घडले, म्हणून मार द्यायला मी पुढंच असायचे, असं कोणी म्हणालं तर मी नाही म्हणणार नाही.

सांगलीकडून येताना माधवनगरच्या पुढं बेलखडी नावाचं लहानसं स्टेशन लागायचं. काळ्या दगडाची एक खोली, कौलारू पडवी आणि समोर मीटरभर रुंदीचा रूळ. तिथल्या गँगचा मुकादम यल्लाप्पा. त्याच्या हातात मी पडले आणि माझं सोनं झालं. यल्लाप्पा ओरडायचा, "हां गड्या, दाब!" की आठ माणसं आठ पहारींवर एकदम पडायची आणि अख्खा रूळ बोटभर सरकायचा. दोन रुळांच्या सांध्यात तो थंडीच्या दिवसांत पत्र्याचा तुकडा घालून फट ठेवायचा. नवा गडी हसला की म्हणायचा, "लोखंड उन्हात अंग ताणतंय रं. त्याला जागा न्हाई दिली तर ते तुझी जागा घेतंय." शाबासकी द्यायला आलेला साहेब यल्लाप्पाची पाठ थोपटायचा आणि मला बुटानं बाजूला सारायचा. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

यल्लाप्पाचा धाकटा भाऊ गुंडा त्याच गँगमध्ये चावीवाला होता. रोज पहाटे हातोडा आणि लाल निशाण घेऊन तो सहा मैल रूळ चालायचा, रूळ जागेवर घट्ट धरणारी लोखंडी चावी सैल दिसली की ठोकून बसवायचा. नुकतंच लग्न झालेलं. बायकोचं नाव बनुबाई. भाकरी घेऊन ती यायची तेव्हा गुंडा मुद्दाम लांब जाऊन काम करायचा, म्हणजे तिला रुळाच्या कडेनं जास्त चालावं लागायचं आणि तिला येताना जास्त वेळ बघता यायचं. सगळी गँग त्याला हसायची.

मग बेचाळीस साल आलं. गावच्या पोरांनी ठरवलं, तिन्हीसांजेला जाणारी सरकारची मालगाडी पाडायची. यल्लाप्पाचं मन पोरांकडं होतं, पण नोकरी सरकारची. त्यानं एवढंच केलं, हत्यारांच्या खोलीचं कुलूप न लावता घरी गेला. पोरांनी मला उचललं. त्यांचा म्होरक्या लालासाहेब, एकोणीस वर्षांचा, ओठावर जेमतेम मिसरूड. तीन खिळे मी उपटले, चौथा निघत होता, तेवढ्यात गुंडा पळत आला. हातात लाल निशाण, धाप लागलेली. पोरांचा बेत त्याला ठाऊक होता, आणि स्टेशनात त्याला कळलं होतं की मालगाडी मागं ठेवलीय आणि आधी पॅसेंजर सोडलीय.

पोरांना वाटलं, हा पोलिसांना घेऊन आला. कोणीतरी ओरडलं, "खबऱ्या!" आणि लालासाहेबानं मला दोन्ही हातांनी उचलून गुंडाच्या डोक्यात घातलं. कवटी फुटल्याचा आवाज तुम्ही ऐकू नये, मित्रांनो. ओला आवाज असतो. गुंडा गुडघ्यावर बसला, त्याच्या डोळ्यांत रक्त उतरलं, आणि तो म्हणाला, "पाशिंजर हाय... बाया हायती तिच्यात." मग आडवा झाला.

बाकीची पोरं ते शब्द ऐकायला थांबलीच नव्हती. लालासाहेबानं ऐकले. त्यानं गुंडाच्या मुठीतून निशाण ओढून घेतलं, वळणापर्यंत पळत गेला आणि गाडी थांबवली. गाडीतली माणसं वाचली. दुसऱ्या दिवसापासून गावात दोन गोष्टी फिरू लागल्या. लालासाहेबानं रूळही उखडला आणि बायापोरांची गाडीही वाचवली, ही एक. गुंडा खबऱ्या होता, पोरांनी त्याला संपवला, ही दुसरी. कुणी मारला ते कुणी विचारलं नाही, कारण खबऱ्याला कुणीही मारावं.

यल्लाप्पानं मला विहिरीवर नेऊन धुतलं. रडत रडत घासत होता. भाऊ खबऱ्या नव्हता हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पण तोंड उघडलं तर कुलपाची गोष्ट निघाली असती. तो गप्प बसला. बनुबाई पाण्याला गेली की बाया आपल्या घागरी बाजूला ओढून घ्यायच्या. बत्तीस वर्षं तिनं त्या ओढलेल्या घागरींच्या मधून वाट काढून पाणी भरलं.

एकाहत्तरच्या सुमाराला रुंद रुळांची नवी लाइन आली आणि ती मैलभर लांबून गेली. बेलखडी स्टेशन ओस पडलं. जुना रूळ भंगारात गेला, स्टेशनासमोरचा दोन फर्लांग तेवढा राहिला. मी खोलीच्या कोपऱ्यात गंजत पडले. विंचवानं माझ्या आडोशाला संसार थाटला. खरं सांगू? मला बरं वाटत होतं. गंजलेल्या पहारीला कोणी हात लावत नाही.

पण चौऱ्याहत्तर साली गावानं मनावर घेतलं. स्टेशन जसं होतं तसं उभं करायचं, रूळ पुन्हा जोडायचा, त्यावर ट्रॉली फिरवायची आणि बेचाळीसच्या लढ्याचा दगड बसवायचा. सगळं श्रमदानातून. रेल्वेच्या साहेबानं कागदावर सही करून जागा गावाच्या हवाली केली. अध्यक्ष अर्थात लालासाहेब. आता ते पन्नाशीचे, खादी, पांढऱ्या मिशा, घरात ताम्रपट. ऐन पौषात माणसं कामाला लागली. कौलं शाकारली, दगड धुतले, वाढलेली बाभळ तोडली. बनुबाईही आली. दुष्काळी कामावर दोन वर्षं खडी फोडलेली बाई ती, तिच्या घमेल्याला गडीमाणसांचं घमेलं हार जायचं.

रूळ जोडायला यल्लाप्पाला बोलावलं. सदुसष्ट वर्षांचा म्हातारा, पण मला हातात घेतल्यावर त्याचा खांदा ताठ झाला. त्यानं वाळूनं घासून मला उजळ केलं. दोन दिवस काम झकास चाललं. तिसऱ्या दिवशी दगडावर घालायच्या नावांचा कागद वाचून झाला, तेव्हा बनुबाई घमेलं खाली ठेवून पुढं आली.

"लालासाहेब, माझ्या मालकाचं नाव घाला. ह्या रुळावरच मेलं की त्ये."

कुणीतरी मागून म्हणालं, "खबऱ्याचं नाव दगडावर? मग फौजदाराचं बी घाला की."

माणसं हसली. बनुबाई लालासाहेबांकडं बघत राहिली. लालासाहेबांनी कागदाची घडी केली, ती उलगडली, पुन्हा घडी केली, आणि म्हणाले, "बघू पुढं." मी यल्लाप्पाच्या मुठीत होते. त्यानं मला खडीत रोवलं आणि निघून लिंबाखाली जाऊन बसला. त्या दिवसापासून रोज यायचा, बसायचा, पण रुळाला हात लावायचा नाही.

मग काम हातात घेतलं कृष्णातनं. पलटणीतली नोकरी संपवून आलेला हवालदार, कामसू, दिलदार, पण सगळं येतं असं समजणारा. "पलटणीत पूल बांधल्यात आमी. ह्यो रूळ काय घेऊन बसलाय?" त्यानं काय केलं, तर सांध्यात फट म्हणून ठेवली नाही. फट राहणं म्हणजे कच्चं काम, असं त्याचं मत. घणानं ठोकून ठोकून रुळाला रूळ भिडवला. गाव बघायला आलं. "बोट फिरवलं तरी सांधा कळत न्हाई बघा," असं कौतुक झालं. ज्या खिळ्याखिळ्यावर मी दाब दिला, त्या प्रत्येकाला मी मनात म्हणत होते, अरे, हे चुकतंय. पण लोखंडाचं कोण ऐकतो?

लिंबाखालून यल्लाप्पा बघत होता. त्याला दिसत होतं. डोळे मिटून सांध्यावर टाच ठेवली तरी ज्याला फट कळायची, त्याला दिसणार नाही? तोंडातली तंबाखू तो या गालातून त्या गालात करत राहिला.

चैत्र आला. उद्घाटनाला एक दिवस राहिला होता. भर दुपारी रूळ असा तापला होता की थुंकी टाकली तर चुर्र व्हावं. मधल्या भागात रूळ बाहेर फुगलेला दिसला. कृष्णात म्हणाला, "दोन खिळं काढून सरळ करू." माझी चीर खिळ्याला लावून त्यानं दाब दिला. एक खिळा निघाला.

लिंबाखालून यल्लाप्पा ओरडत उठला, "कृष्णात, सोड! लांब हो!"

उशीर झाला होता. दुसरा खिळा आपणहून उडाला. कोंडलेला रूळ फटकन बाहेर आला, माझं वरचं टोक त्यानं भिरकावलं आणि मी कृष्णातच्या नडगीवर आदळले. हाड कातडीतून बाहेर आलं. खडीवर रक्ताचा सडा पडला. बायका ओरडल्या. कृष्णात मात्र ओरडला नाही, आपल्याच पायाकडं परका पाय असल्यासारखा बघत राहिला. गुळाच्या ट्रकमध्ये घालून त्याला सांगलीला नेलं. पुढं त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

ट्रक गेल्यावर माणसं यल्लाप्पाकडं वळली. "तू आधी कसा वरडलास? तुला कसं ठावं?"

यल्लाप्पा म्हणाला, "मला पौषातच दिसलं हुतं. फट न्हवती. मी बोललो न्हाई."

पहिला धोंडा त्याच्या खांद्याला लागला, दुसरा कपाळाला. बाळासो नावाच्या कृष्णातच्या चुलतभावानं त्याला लाथ घालून खडीवर पाडलं. दहा-बारा जण तुडवायला लागले. म्हाताऱ्याचे दात पडले. "खबऱ्याचाच भाऊ ह्यो!" असं कोणी ओरडलं आणि बाळासोनं मला उचललं. दोन्ही हातांनी. डोक्याच्या वर. त्या उंचीवरून मी तेच खाली बघत होते, खडी, रूळ आणि एक माणूस. मधे पडायला आलेल्या बनुबाईला कोणीतरी मागं खेचलं होतं.

मला मधेच कोणीतरी पकडलं. लालासाहेब होते. बाळासोच्या हातातून त्यांनी मला हिसकावलं तेव्हा त्यांचे तळवे सोलले.

"म्हाताऱ्याला हात लावू नगा," ते म्हणाले. "गुंडा खबऱ्या न्हवता. पाशिंजर येतीया म्हणून सांगाय आला हुता. मी मारला त्याला. ह्याच पहारीनं. त्यानं सांगितलं म्हणून गाडी थांबली, आणि म्या हार घालून घेतलं."

तुडवणारे मागं सरले. खडीवरून यल्लाप्पा पुटपुटला, "कुलूप मीच उघडं ठेवलं हुतं." ते फक्त मला आणि त्याच्याजवळ धावलेल्या बनुबाईला ऐकू गेलं. तिनं आपल्या दिराकडं एकदा बघितलं आणि पदरानं त्याच्या तोंडाचं रक्त पुसलं. मग ती लालासाहेबांसमोर जाऊन उभी राहिली आणि हात पुढं केला. त्यांनी मला तिच्या हातात दिलं, टोपी काढली आणि मान खाली घातली.

तिच्या हातात मी किती जड झाले होते, सांगू? मला वाटलं, आता पडते मी पुन्हा कुणाच्या डोक्यावर. आणि लाजच वाटते सांगायला, पण एका क्षणापुरतं मला पडायचंही होतं.

"मान वर कर," बनुबाई म्हणाली. त्यांना अरे-तुरे करताना गावानं पहिल्यांदाच ऐकलं. "मरून सुटायचं न्हाई तुला. मला बत्तीस वरसं दारोदार खबऱ्याची बायकू म्हणत्यात. चल. दारोदार सांग."

त्या उन्हात लालासाहेब पुढं आणि मला खांद्यावर घेतलेली बनुबाई मागं, असे दोघं गावात शिरले. पहिलं दार धोंडुबाईचं. पाणवठ्यावर घागर ओढायला तीच पुढं असायची. लालासाहेब म्हणाले, "गुंडा खबऱ्या न्हवता. मी मारला त्याला." धोंडुबाई उंबऱ्यातच खाली बसली. मग दुसरं दार, तिसरं, दहावं. कुठं शब्द गिळले की बनुबाई मला उंबऱ्यावर आपटायची. "पुन्हा सांग. नीट." म्हारवड्याचं नाव टाकून बौद्ध झालेल्या आळीत, वरच्या आळीत, मुलाण्याच्या घरी, कुठलं दार सुटलं नाही. काही दारांतून शिव्या आल्या. एका दारातून चप्पल आली, ती त्यांच्या मिशीवर बसली, तरी ते थांबले नाहीत. शेवटी आवाजच गेला. नुसते ओठ हलायचे, तरी तिनं पुढचं दार चुकवू दिलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. उद्घाटन पावसाळ्यानंतर झालं. तोंड सुजलेल्या यल्लाप्पानं खाटेवर बसून पोरांना फट शिकवली. दगडावर गुंडाचं नाव सगळ्यात वर आहे. कृष्णात कुबडी घेऊन ट्रॉलीची तिकिटं फाडतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी सांधे दाखवतो. लालासाहेबांना सरकारनं नाही, गावानंही नाही, कुणीच काही शिक्षा केली नाही. फक्त बनुबाई अजून त्यांच्याशी बोलत नाही.

मला स्टेशनच्या भिंतीला टेकवून ठेवलंय. शाळेची मुलं येतात, मला तेल लावतात, गंज पुसतात. पुसा, मित्रांनो, मला आवडतं. जुन्या वस्तू जपाव्यात, स्टेशनं जपावीत, रूळ जपावेत. पण मला पुसताना एवढं ध्यानात ठेवा. त्या तिन्हीसांजेपासून मला सगळं ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. लालासाहेबाला होतं. यल्लाप्पाला होतं. तुम्हाला आहे.