कारणाची ओळ

टोपणावर दातांचे बारीक खड्डे होते. सुकन्याचे. लहानपणापासूनची सवय, गणित अडलं की टोपण चावायचं, सुटलं की ते आपसूक तोंडातून गळून पडायचं... धुळाजीनं पेन मांडीवर आडवं ठेवलं. पुढ्यात नातीचा अर्ज. बारावीला गणित सोडून भूगोल घेण्याचा. आज शेवटची तारीख, आणि शिरूरला कॉलेजचं ऑफिस दोनला बंद होणार.

सही त्याचीच लागणार होती. मुलगा तानाजी आणि सून वनमाला दर साली ऊसतोडीला जायचे, म्हणून शाळेच्या रजिस्टरात पालक म्हणून आजाचं नाव पडलं आणि ते तसंच कॉलेजपर्यंत आलं. पहिल्या वर्षी अंगठा. मग चौथीतल्या या पोरीनं त्याच्यापुढं पाटी सरकवली, त्याचा राठ हात आपल्या मुठीत धरून गिरवून घेतला — आणि वर दटावणी, "आबा, वाचल्याबिगर सही करायची न्हाई."

फोन वाजला. तानाजी अंबाजोगाईला क्लासची चौकशी करायला गेलेला.

"आबा, झाली का सही?"

"करतो की."

"तुमची एक सही व्हायला दिवस मावळतोय. सर म्हणत्यात, गणिताचा टाइम बायोलॉजीला द्या, तरच मेडिकलला नंबर लागंल."

"तिला इचारलं का?"

"तिनंच भरलाय की फॉर्म. आता काय इचारायचं?"

तानाजीचं चुकतंय म्हणावं, तर तेही जीभ रेटत नाही. वनमाला तोडीवर तापानं फणफणली होती, तेव्हा सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई खाटेवर टेकून तिला 'ताई' म्हणाली. एवढंच. पण ते तो अजून सांगत सुटतो... आपल्या घरातली एखादी तशी खाटेवर टेकावी, असं मला तरी वाटत नाही का?

तो ओळीवर बोट ठेवून वाचत गेला. नाव, वर्ग, तुकडी. मग 'कारण', आणि त्यापुढं सुकन्याच्या टपोऱ्या अक्षरांत — गणित जमत नाही.

आपलंच काही चुकलं असेल म्हणून त्यानं पुन्हा बोट मागं नेलं. जमत नाही? हिला? काठीची सावली मोजून हिनं पाण्याच्या टाकीची उंची सांगितलेली. घरं आखायच्या कॉलेजात जायचंय, तिथं गणितच लागतं, हे घरात फक्त त्याच्याच कानात सांगितलेलं...

"आबा, एसटी जाईल." सुकन्या दारात उभी होती, पाठीला सॅक.

"ह्ये खरं हाय का, बाय?"

तिनं कागदाकडं पाहिलं नाही. "वाचलं व्हय तुमी?"

"तूच लावलीस ना खोड."

ती हसली, अर्धवट. "कारण रिकामं ठिवलं तर फॉर्म घेत न्हाईत. समद्या पोरी त्येच लिवत्यात."

त्यानं टोपण काढलं. पाटीवर आजवर जे जे गिरवलं ते खरंच असणार, असं तो धरून चालला होता. अक्षर खोटंही बोलतं, हे तिनं कधी शिकवलं नव्हतं. अंगठा बरा होता. अंगठ्याला वाचता येत नव्हतं, शाई पुसली की मोकळा...

'धु' उमटला. पुढचा 'ळा' त्याला नेहमी नडायचा, दोनदा तरी हात अडखळायचा. आज तो कसा काढायचा हे त्याला लख्ख आठवत होतं, आणि तेच आठवणं त्याला नकोसं झालं होतं.