दोन आणि पाचमधला ठिपका

फॉन्टची साफसफाई देविकाने हौसेने अंगावर घेतली होती. तमिळ मुलखात, मैलापुरातल्या एका छोट्या स्टुडिओत औषधांच्या खोक्यांची आणि आतल्या माहितीपत्रकांची मांडणी व्हायची. वर्षानुवर्षं ज्याला जो फॉन्ट हवा तो त्याने कॉम्प्युटरवर टाकून ठेवलेला, त्यामुळे एक फाइल उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. नाशिकहून आल्यापासून ती हे सोसत होती. शेवटी तिनेच मालकीणबाईंना, रंजनी मॅडमना, फॉन्ट सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्यायला लावलं. एकाच नावाचे दोन फॉन्ट सापडले तर जुना काढायचा, नवा ठेवायचा, एवढं त्याला एकदा सांगितलं की पुढचं ते आपलं आपण करी. कॉम्प्युटर पळायला लागले. मॅडमनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं.

मग लहान मुलांच्या तापाच्या सिरपचं पत्रक आलं. कंपनीचा पत्ता तेवढा बदलायचा होता. देविकाने तो बदलला, नीट वाचून घेतला आणि फाइल छापखान्यात पाठवून दिली.

घोटाळा उघडकीला आला तो काही दिवसांनी, त्याच कंपनीच्या दुसऱ्या पत्रकात. ‘०.५’ लिहिलेलं असायला हवं तिथे ‘०५’ दिसत होतं. देविकाने डोळे चोळले. मग तिने फॉन्ट तपासले. या कंपनीसाठी पूर्वी कुणीतरी जुन्या फॉन्टमध्ये दशांशाचा खास ठिपका करवून घेतला होता. सॉफ्टवेअरने तो फॉन्ट काढून टाकला होता आणि त्याच नावाच्या नव्या फॉन्टमध्ये त्या जागी काहीच नव्हतं. चिन्ह नसल्याचा चौकोन नाही, मोकळी जागाही नाही. दोन्ही अंक एकमेकांना चिकटून बसले होते.

तिने सिरपचं पत्रक उघडलं. एक वर्षाखालील बाळांना एका वेळी २५ मिलिलिटर. द्यायचं होतं अडीच.

तिने रंजनी मॅडमना बोलावून पडद्यावरचा आकडा दाखवला. “बाटलीबरोबर मापाचं झाकण असतं,” त्या म्हणाल्या. “त्यात इतकं मावतही नाही. कोणीही समजून जाईल.”

“आणि नाही समजलं तर?”

“पुढच्या छपाईत दुरुस्त करू. आत्ता ओरडा केलास तर हा स्टुडिओ बंद पडेल, देविका. इथे तू एकटी काम करत नाहीस.”

ते खरंच होतं. देविका जागेवर येऊन बसली. शेजारचा कार्तिकेय नुकताच बाप झाला होता, त्याने मोबाइलवर बाळाचा फोटो पुढे केला. तिला तो बघवेना. ती जिन्यात गेली आणि कंपनीला फोन लावला.

कंपनीने माल थांबवला. बराचसा गोदामातच होता, पण काही खोकी किनाऱ्यालगतच्या दुकानांत पोचली होती. कंपनीची माणसं ती गोळा करायला निघाली. देविकाला मात्र बसवेना. दुकानांची नावं विचारून घेऊन ती त्याच किनाऱ्यावरच्या कोवलम गावाच्या बसमध्ये चढली.

कोवलमच्या औषधांच्या दुकानात म्हातारे गृहस्थ बसले होते. ती आईशी फोनवर मराठीत बोलत आत शिरली, तसे ते चमकले. “मराठी काय तुम्ही? मी बालाजीराव. आम्ही तंजावरकडचे.” त्यांच्या मराठीला तमिळचा हेल होता. तिने सगळं सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला.

“दोन बाटल्या गेल्या,” ते म्हणाले. “एक इथलीच, मासे विकणारी बाई. चला.”

दुकान तसंच उघडं टाकून ते तिच्याबरोबर वाळूतून निघाले. बाई दारातच बसली होती आणि मांडीवरचं पोर तिचे केस ओढत होतं. बालाजीरावांनी तमिळमध्ये विचारलं. बाई हसली. पत्रक तिने वाचलंच नव्हतं, खोक्यासकट टाकून दिलं होतं. “तुम्ही झाकणावर रेघ दाखवली होती ना, तेवढंच दिलं.”

देविका तिथेच वाळूत बसली. तिला रडू आवरेना. ती बाई गोंधळून आतून पाणी घेऊन आली.

“आणि दुसरी बाटली?” परतताना तिने विचारलं.

बालाजीराव चालता चालता थांबले. “बसमधून उतरलेला माणूस होता, खांद्यावर लेकरू झोपलेलं. गर्दी होती. त्याला काही सांगितलं की नाही, आठवत नाही हो मला.”

पुढे कंपनीने सगळ्या दुकानांत सूचना लावल्या, वर्तमानपत्रांतही दिल्या, आणि सगळं काम त्या स्टुडिओकडून काढून घेतलं. मॅडमनी देविकाला काढलं नाही. त्या फक्त तिच्याशी कामापुरतं बोलू लागल्या. कार्तिकेयला दुसरीकडे नोकरी शोधावी लागली. जाताना तो म्हणाला, “मीही फोन केलाच असता,” पण तिच्या डोळ्यांत न बघता.

देविका अधूनमधून बालाजीरावांना फोन करते. ते आवाज ओळखतात आणि तिने विचारायच्या आधीच सांगतात, “नाही आला हो तो माणूस परत.”

मग ते तिच्या आईची चौकशी करतात.