मास्तरणीच्या भांड्यात कोणी काय घातलं

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा मोबाईलवर सुरुवात केली, दोनदा पुसून टाकलं. कारण यात जे चुकले त्यांत मीही आहे, आणि माझं तेवढं गाळून बाकीच्यांचं लिहिलं असतं तर गोष्ट जास्त छान दिसली असती. पण फिटर म्हणाला, तसं लिहिणार असशील तर लिहूच नकोस. म्हणून आता सगळं लिहितो. पार्सलच्या गोडाऊनमध्ये कामाला आहे, एक गाडी गेली आणि दुसरी यायची असली की तेवढ्यात टाइप करतो. कुठे घाई दिसली तर चालवून घ्या.

फिटर म्हणजे माझा शेजारी आणि मित्र. नळाची, पाइपची कामं करतो. आमच्या तीन घरांना मागचं अंगण एकच. एका टोकाला फिटरचं घर, मधे माझी खोली, पलीकडे वहिनी. त्या बेकरीत पॅकिंगला जातात. मधे भिंत नाही, जाळी नाही. कोंबड्या फिटरच्या, पण वावर सगळ्यांच्या दारात. एकीने तर माझ्या हेल्मेटमध्ये अंडं घातलं होतं, आणि मी ते न बघता डोक्यावर चढवलं. तो किस्सा वहिनी अजून बेकरीत सांगतात.

सात कोंबड्यांत एक तांबडी होती. मान ताठ, चाल सावकाश, आणि कोणी रांग मोडून दाण्यावर आलं की जाऊन टोचायची. तिला सगळे मास्तरीण म्हणायचे.

आता काकांचं सांगतो, कारण खरी गोष्ट तीच आहे. काका म्हणजे फिटरचे वडील. आयुष्यभर बस चालवली. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. जीभही जड झाली, एका वेळी एकदोन शब्दच निघायचे. व्यायाम शिकवायला एक ताई यायच्या. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला, काकांनी तो पलंगाखाली भिरकावला, तोही डाव्या हाताने. मग एक दिवस काकूंनी कंटाळून मक्याच्या भरड्याची वाटी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि त्यांना मागच्या दारात खुर्चीवर बसवलं. मास्तरीण आली, त्यांच्या चपलेसमोर उभी राहिली आणि वर बघत राहिली. काकांचा उजवा हात हलला. पहिल्या दिवशी दाणे त्यांच्याच पायावर सांडले. महिनाभरात ते हातभर लांब फेकायला लागले. ताई खूश झाल्या. म्हणाल्या, मूठ जमली, आता चिमूट जमवा. बोटांत एक दाणा धरता आला तर उद्या शर्टाचं बटणही लागेल. चिमटीचं नाव काढलं की मात्र काका मान फिरवायचे.

अशात एका सोमवारी मास्तरीण आलीच नाही.

कोपऱ्यात पिसं फुगवून उभी होती, डोळे अर्धे मिटलेले. काकांनी दाणे टाकले ते बाकीच्या सहा जणींनी संपवले. काकांनी "ए" करून हाक मारली. ती हलली नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी हात उचललाच नाही. वाटी मांडीवर तशीच. काकू आतून बघत होत्या आणि पदराने एकच ताट परत परत पुसत होत्या.

आता आम्हा तिघाचौघांना कुठे स्वस्थ बसवतंय?

फिटर दुकानातून कोंबड्यांच्या ताकदीच्या औषधाची बाटली घेऊन आला. अन्न सोडलेल्या कोंबडीला पाण्यातून देतात, लिटरला अमुक इतकं. कामावर जाताना त्याने ते मास्तरणीपुढे वेगळ्या ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यात घातलं. कोणाला बोलला नाही, कारण काकूंचा बाटलीतल्या औषधावर विश्वास नाही. तो गेल्यावर काकूंनी त्याच भांड्यात साखर-मीठ घातलं, मूठमूठभर. त्याही बोलल्या नाहीत, कारण फिटर म्हणाला असता, आई, तुझं काहीतरीच. दुपारी वहिनी कामावरून आल्या. त्यांच्याकडे बाळंतपणातलं कॅल्शियमचं औषध अर्धी बाटली उरलेलं. कोंबडीला कॅल्शियम लागतंच की, असा हिशोब करून त्यांनी दोन झाकणं ओतली. आणि संध्याकाळी मी. इंटरनेटवर वाचून व्हिटॅमिनची पुडी आणली होती. पुडीवर लिहिलेलं पाच लिटर पाण्यात. भांडं एका लिटरचं. मी पूर्ण पुडी घातली. म्हटलं, आजारी आहे, जास्त लागेल.

असं तीन दिवस चाललं. प्रत्येक जण अंगणात यायचा, इकडेतिकडे बघायचा, हळूच काहीतरी घालायचा आणि निघून जायचा. संध्याकाळी सगळे भेटलो की एकमेकांना विचारायचो, काही फरक? आणि सगळे माना हलवायचो.

फिटर तर पार बिथरला होता. त्या दिवसांत एका घरी त्याने गरम पाण्याचा नळ थंडला जोडून ठेवला. मला म्हणाला, "पाइप तुंबला तर मला बाहेरून कळतं कुठे अडलंय. हिच्यात काय बघू, सांग. बाबा सकाळपासून वाटीकडे बघतसुद्धा नाहीत."

शुक्रवारी ती बसली ती उठेना.

त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई जवळच्या गोठ्यात लस द्यायला आल्या होत्या. फिटरने त्यांच्या स्कूटरसमोर आपली सायकल आडवी घातली आणि त्यांना घेऊनच आला. पन्नाशीच्या, केस आखूड, पायात गमबूट. आल्या आणि पालथ्या बादलीवर बसल्या. औषधाची बॅग उघडलीच नाही. नुसत्या मास्तरणीकडे बघत बसल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वहिनींना कामावर जायचं होतं, मला गोडाऊनमधून फोन येत होता, फिटर एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"मॅडम, इंजेक्शन वगैरे?" फिटरने विचारलंच.

"तुमची घाई करून झाली की सांगा," बाई म्हणाल्या, "मग मी माझं सुरू करते."

मग त्यांनी पाण्याच्या भांड्यात बोट बुडवलं, वास घेतला आणि भांडं फिटरच्या हातात दिलं. म्हणाल्या, एक घोट घेऊन बघा. फिटरने घेतला आणि तिथेच थुंकला. त्याचं तोंड असं झालं की वहिनींना हसू आलं. पण बाईंनी पुढचा प्रश्न विचारला तसं ते जिरलं.

"यात कोणी काय घातलंय?"

आधी फिटरने बाटली सांगितली. काकूंनी साखर-मीठ सांगितलं. तो त्यांच्याकडे बघायला लागला. वहिनी म्हणाल्या, मी थोडंसंच कॅल्शियम. मी सर्वांत शेवटी बोललो, आणि "एक पुडी" म्हणालो. बाईंनी विचारलं, एक की रोज एक? रोज एक.

बाई म्हणाल्या की ही तीन दिवस पाणीच प्यायलेली नाही. हे कोण पिणार? आजारी कोंबडी एकवेळ दाण्यावाचून दिवस काढते, पाण्यावाचून नाही. मग त्यांनी मास्तरणीला मांडीवर घेतलं आणि गळ्याखाली चाचपलं. तिथे एक पिशवी असते, खाल्लेला दाणा आधी तिच्यात जाऊन बसतो आणि भिजून पुढे सरकतो. बाईंचा हात तिथेच थांबला. त्यांनी माझा हात धरून तिथे ठेवला. आत टणक गोळा होता, लिंबाएवढा.

"चार दिवस खात नाही म्हणता. मग एवढा मका हिच्या गळ्यात आला कुठून? स्वतःहून खाल्लेला नाही हा. कोणी भरवला?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी नाही, फिटर नाही, वहिनी नाहीत. काकूंनी तर शपथच घेतली. फिटर माझ्यावर घसरला. म्हणाला, लेखकराव, तुम्हीच असणार, नेटवर वाचून. मी चिडून काहीतरी बोलणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मी."

काका खुर्चीत बसले होते. उजवा हात वर केला होता, वर्गात मुलं करतात तसा. तो खांद्याच्या वर गेलेला आम्ही दीड वर्षात पहिल्यांदा बघितला.

त्यांना नीट सांगता येईना, पण हळूहळू कळलं. आम्ही सगळे सकाळी आपापल्या कामाला लागलो की मास्तरीण कशीबशी त्यांच्या पायाशी येऊन बसायची. ते डाव्या हाताने तिची चोच उघडायचे आणि उजव्या हाताने दाणा आत सारायचे. एकेक. तासन्‌तास. काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मारली," ते म्हणाले. "मी."

बाई उठल्या. मला वाटलं, आता त्या समजावतील किंवा रागावतील. त्यांनी वाटीतून एक दाणा घेतला आणि काकांच्या मांडीवर ठेवला.

"कसं भरवत होतात? दाखवा मला."

काकांनी सावकाश अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणलं. एकदा निसटला. दुसऱ्यांदा दाणा चिमटीत आला आणि तिथेच राहिला.

काकू पुढे येऊन ती चिमूट वाकून बघायला लागल्या.

बाईंना ताईंच्या चिमटीचं काही माहीत नव्हतं. आम्ही सगळे त्या एका दाण्याकडे का बघतोय ते त्यांना कळलं नाही. त्या आपलं पुढचं बोलत होत्या, आणि ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण तेवढ्यासाठीच हे सगळं आहे.

"ताकदीचं औषध वाईट नाही. हिने खाणं सोडलंय, तेव्हा ते लागणारच आहे. पण आधी कळायला नको, का सोडलंय? आणि तुम्ही चौघं चार चोरांसारखे येऊन काहीतरी घालून जाता. तिला बरं वाटावं म्हणून घालता की तुम्हाला बरं वाटावं म्हणून?"

फिटर म्हणाला, "मॅडम, नुसतं बघत बसवत नाही हो."

"तेच शिकायचंय. देणारा हात एक ठेवा. बाकीच्यांनी बघायचं. आणि जे दिलं ते लिहायचं, म्हणजे दुसरा परत देणार नाही."

त्यांनी गळ्यातला गोळा स्वतः मोकळा केला, कोमट पाणी थेंबाथेंबाने देऊन, हलक्या हाताने चोळून. आम्हाला बजावलं की हे घरी करायला जाऊ नका, चुकलं तर पाणी श्वासाच्या नळीत जातं आणि कोंबडी हातातच मरते. विष्ठा तपासायला नेली, आणि पोटात जंत निघाले. म्हणजे मूळ दुखणं केवढंसं. जंताचं औषध त्यांनी ती सावरल्यावर द्यायचं ठरवलं, आणि तिची अंडी आपण सांगेपर्यंत खायची नाहीत म्हणाल्या. तोवर बाकीच्यांपासून वेगळी, बेकरीच्या खोक्यात, उबेला. पहिल्या दिवशी फक्त साधं पाणी. दुसऱ्या दिवसापासून फिटरची एकच बाटली, मोजून, रोज सकाळी ताजी. आणि गळा रिकामा लागला तरच भिजवलेला भरडा, चमचाभर.

देणारा हात कोणाचा, यावर वाद झाला. फिटर म्हणे मी, काकू म्हणे मी. काका म्हणाले, "मी." तसा काकूंनी चमचा त्यांच्याच हातात दिला. वहिनींनी थोरल्या मुलीची जुनी पाटी आणून दारावर टांगली. काकांनी खडू धरला, मुठीत नाही, बोटांत. पहिली नोंद करायला त्यांना पाव तास लागला. वाकडीतिकडी अक्षरं: पाणी. साधं.

पुढचे दिवस जड गेले. खोटं सांगत नाही, मी दोनदा पुडी खिशात घालून अंगणात गेलो. दोन्ही वेळा पाटी दिसली. तिच्यावर सगळं लिहिलेलं होतं, माझ्या पुडीला जागा नव्हती. परत आलो. वहिनींनीही नंतर कबूल केलं, त्या एकदा बाटलीचं झाकण उघडेपर्यंत पोचल्या होत्या. काही न करता थांबणं एवढं अवघड असेल असं वाटलं नव्हतं.

आठव्या दिवशी मास्तरीण खोक्यातून उतरली, डुगडुगत गेली आणि काकांच्या चपलेवर टोच मारली. काकांनी मूठ भरली नाही. एकच दाणा उचलला आणि तिच्यासमोर खाली ठेवला. तिने आधी मान तिरकी करून बघितलं, मग तो उचलला.

मला तुम्हाला एवढंच सांगायचंय. घरात कोणी आजारी पडलं, माणूस असो की कोंबडी, की आपले हात शिवशिवायला लागतात. आपण देतो, देत राहतो, आणि एकमेकांना विचारत नाही, कारण विचारलं तर कोणी नको म्हणेल. त्याला आपण माया म्हणतो. पण माया एवढ्यावर भागत नाही. आधी बघायचं, जाणत्याला विचारायचं, आणि जे दिलं ते सगळ्यांना सांगायचं. त्याच आठवड्यात फिटरने आणखी एक पाटी आणली आणि काकांच्या पलंगाशी टांगली. कारण बोलता बोलता कळलं की संध्याकाळची रक्तदाबाची गोळी काकूही देत होत्या आणि कधीकधी तोही. काका बिचारे दोन्ही गिळत होते, नाही कसं म्हणायचं म्हणून.

काल फिटर सहा आठवड्यांसाठी बाहेरगावी गेला, एका मोठ्या इमारतीच्या पाइपलाइनच्या कामावर. निघताना मला अंगणात घेऊन गेला. त्याला दोन्ही पाट्यांची काळजी होती. म्हणाला, बाबांना, मास्तरणीला, कोणालाही काही दिलंस तर लिही. मी म्हटलं, लिहीन.

"आणि नाही दिलंस तरी लिही. मी रोज फोटो मागणार."

त्याला शब्द दिलाय. आज सकाळी त्याला पहिला फोटो पाठवला. काकांच्या अक्षराखाली माझं अक्षर आहे: आज काही दिलं नाही. बसून बघितलं.