झुडपात गेलेली निळी तबकडी

माणूस कसा आहे हे त्याची वस्तू दुसऱ्याच्या हातून हरवली की कळतं, असं माझं ठाम मत आहे. माझ्या नवऱ्याचा चष्मा सापडेनासा झाला की अख्खं घर आरोपी. "कुणी हलवला?" हा त्याचा पहिला प्रश्न. चष्मा बहुतेक वेळा त्याच्याच खिशात असायचा. तो गेल्यापासून तो चष्मा एकदाही हरवलेला नाही.

म्हणून लेकीने लग्नाचं नाव काढलं तेव्हा मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो, बोलायला गोड. पण होणाऱ्या सासूसमोर कडू कोण बोलतो? "काकू, रविवारी आमच्याबरोबर खेळायला चला," तो म्हणाला. मी शिलाई मशीन झाकलं, बूट चढवले आणि निघाले. मला त्याची एखादी वस्तू हरवायची होती.

खेळ म्हणजे दाट झाडीत तबकड्या फेकायच्या. अधूनमधून लोखंडी खांब, खांबाला टोपली आणि टोपलीवर साखळ्यांची झालर. ठरलेल्या जागेवरून तबकडी फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, टोपलीत पडेपर्यंत. कमी फेकींत पोचेल तो जिंकला.

"मग मधे एवढी झाडं कशाला ठेवलीत?" मी विचारलं.

"झाडं आधीची आहेत काकू. आपण मागाहून आलो."

उत्तर बरं होतं, पण मी दाखवलं नाही. त्याच्या पिशवीतल्या तबकड्या एकेक काढून मी कापड बघावं तसा अंगठ्याने काठ चाचपला. पातळ काठाची लांब जाते, जाड काठाची जवळून टोपलीत टाकायला, तो सांगत होता. एक निळी मात्र पार झिजलेली होती.

"ही अजून का ठेवलीत?"

"ती माझी लाडकी. झिजली म्हणूनच सरळ जाते. नवी कोरी असते ती शेवटी एका अंगाला कलतेच. अशी व्हायला वर्षं लागतात."

म्हटलं, हीच.

उजवीकडे काटेरी झुडपांचं रान माजलं होतं. मी नेम धरून तिकडेच फेकली. करायला गेले एक आणि झालं भलतंच! सरळ जाणारी ती तबकडी माझ्या हातून वळली, दोन खोडांमधल्या फटीतून गेली आणि टोपलीच्या पायाशी जाऊन पडली. दोघांनी टाळ्या वाजवल्या.

खरं सांगते, मला परीक्षेपेक्षा त्या वळण्याचंच कुतूहल वाटायला लागलं. मनगट वाकवलं तर काय होतं? खालून सोडली तर? तिसऱ्या टोपलीपर्यंत मी कशाला आलेय हेच विसरले होते. मनापासून नेम धरला आणि निळी तबकडी खोडावर आपटून थेट झुडपात गडप झाली.

मी तोंड उघडायच्या आत लेक धावली. "सॉरी, सॉरी! मी शोधते. सापडेल, माझंच लक्ष नव्हतं." कोपरापर्यंत हात काट्यांत. हिने काही फेकलंही नव्हतं! लहानपणी पलंगाखाली वाकून बापाचा चष्मा शोधताना तिचा आवाज असाच यायचा.

तो झुडपाकडे गेला, पण तबकडीसाठी नाही. त्याने आधी तिचा हात अलगद बाहेर काढला आणि पाण्याची बाटली पुढे केली.

"फेकली काकूंनी, हरवली माझी," तो हळू आवाजात म्हणाला. "तू कशाची माफी मागतेस? परवा किल्ली हरवली तेव्हाही तेच. माझ्याकडे बघ. मी रागावलोय का?"

मी खोडाच्या आड उभी होते. मी ऐकतेय हे त्याच्या गावीही नव्हतं.

मग आम्ही तिघांनी शोधलं. मागून येणारी चार अनोळखी माणसंही आपला खेळ सोडून "कुठल्या रंगाची?" म्हणत वाकली. इथे तशी रीतच आहे म्हणे. निळी काही सापडली नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "मागे माझा नंबर लिहिलाय. कुणाला सापडली तर फोन येईल." चेहरा जरासा पडला होता त्याचा. लाडकी होती ना. पण कुणी हलवली, कुणी फेकली, चकार शब्द नाही.

पुढच्या टोपलीला लेकीने त्याची लाल तबकडी फेकली. ती झाडाला थडकली, उडाली आणि पुन्हा झुडपात! लेकीने तोंडावर हात ठेवला, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"गेली!" ती म्हणाली आणि खो खो हसत सुटली.

आमच्या घरात काही हरवल्यावर कुणी हसलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"तारीख ठरवा रे तुमची," मी म्हटलं. लेक शोधायला निघाली होती, तिला हाताला धरून थांबवलं आणि बाह्या सरसावून मी स्वतः झुडपात शिरले.